माणेकजींचं लॉज



आज ऐकूया मुंबईतल्या एका जुन्या लॉजची हकीकत.
लॉज म्हणजे फ्रीमेसन बंधुमंडळाची शाखा.

माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ.
त्यांना फ्रीमेसन व्हायचं होतं.
पण मुंबईतल्या गोऱ्या सभासदांनी त्यांना घेतलं नाही.
मग माणेकजींनी थेट पॅरिस गाठलं.
तिथं दीक्षा घेतली, आणि ते परतले.

तरीही मुंबईत दार बंदच.
ते उघडलं 1843 साली.
डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी नवं लॉज काढलं.
नाव, ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’.
इथं हिंदी माणसाला प्रवेश होता.

आता लॉजचे पदाधिकारी पाहू.
प्रमुख तो मास्टर.
त्याच्या गळपट्टीला गुण्या लटकतो.
सीनियर वॉर्डनच्या गळ्यात पाणसळ.
ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा.
तिन्ही हत्यारं गवंड्याची!
आणि दाराबाहेर, उपसलेली तलवार घेऊन,
पहारा देतो तो टायलर.

तर श्रोतेहो, पुन्हा सांगतो.
हिंदी सभासदांसाठी मुंबईत हे दार उघडलं, 1843 साली.
त्यामागे चिकाटी होती माणेकजींची.
याच माणेकजींनी पुढं मुलींसाठी इंग्रजी शाळाही काढली.
तिचं नाव अलेक्झांड्रा.