केबलचे लग : निवड आणि जोडणी

(सुरत येथील मराठीभाषक तारतंत्री व यंत्रमाग कारखान्यांतील वीज-कामगार यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खानदेशातून ताप्ती मार्गाच्या गाडीने येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांचा चरितार्थ सुरतेच्या कापडधंद्यावर चालतो. माग विजेवर चालतो आणि ती वीज मागापर्यंत आपल्या हातून पोहोचते. म्हणून आज मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. केबलच्या टोकाला बसवावयाचा लग, म्हणजेच बाजारातील थिंबल, ही ती वस्तू होय.

२४ मे २०१९ रोजी याच शहराच्या सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला लागलेल्या आगीत २२ जण प्राणांस मुकले. त्यांत बहुतेक शिकवणीस आलेले विद्यार्थी होते. आग एकदा भडकली की माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही, हा धडा ते शहर विसरलेले नाही. म्हणून आग लागूच नये, याची काळजी घेणे हे आपले काम आहे.

फ्यूज किंवा ब्रेकर बसविला म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. फ्यूज वितळतो तो प्रवाह वाढल्यावर. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, वाढतो तो केवळ रोध. समजा, केबलमधून १०० अँपिअर प्रवाह जात आहे. उत्तम जोडाचा रोध ५० मायक्रोओहम धरला, तर तेथे अर्धा वॉट उष्णता निर्माण होते. तोच जोड सैल होऊन रोध ५ मिलिओहम झाला, तर उष्णता ५० वॉट होते. म्हणजे पॅनेलच्या बंद पेटीत एक सोल्डरिंग आयर्न अहोरात्र तापत ठेवल्यासारखे झाले. या जोडावर दाब केवळ अर्धा व्होल्ट घटतो. माग चालूच राहतात आणि फ्यूजला काही कळत नाही. हा दोष वेळीच टाळू शकतो तो जोड करणारा हात.

आता निवडीकडे वळू. लगाचे माप केबलच्या चौरस मिलिमीटर मापाशी आणि छिद्राचे माप बोल्टाशी जुळले पाहिजे. मोठ्या केबलच्या तारा छाटून ती लहान लगात कोंबू नये. १९ तारांपैकी ४ छाटल्या, तर वाहकाचा पाचवा हिस्सा गेला. उलटपक्षी मोठ्या लगात तारांचे तुकडे भरून पोकळी बुजविणेही तितकेच घातक आहे. तांब्याच्या केबलला तांब्याचा लग आणि ॲल्युमिनियमच्या केबलला ॲल्युमिनियमचा लग घ्यावा. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला जोडावयाची असेल, तर द्विधातू लग वापरावा. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्याहून सुमारे एकतृतीयांशाने अधिक प्रसरण पावते. शिवाय दमट हवेत या दोन धातूंच्या स्पर्शाने गंज चढतो. सुरतेची हवा दमट आहेच, आणि रंगाईच्या कारखान्यांत वाफ व रसायने यांची भर पडते.

जोडणीपूर्वी वीजपुरवठा बंद करून स्विचला कुलूप लावावे आणि वीज खरोखरच बंद आहे, याची उपकरणाने खात्री करून घ्यावी. लगाच्या नळीच्या लांबीहून किंचित अधिक आवरण सोलावे. सोलताना तारांना चीर पडू देऊ नये. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर जमतो आणि त्यातून वीज वाहत नाही. तारेच्या ब्रशाने तो घासून लगेच जोडलेप लावावा. वाहक नळीच्या तळापर्यंत घालून त्याच मापाच्या डायने दाब द्यावा. एकाहून अधिक दाब द्यावयाचे असतील, तर छिद्राकडून सुरुवात करून केबलकडे यावे. हातोडी किंवा पक्कड यांनी ठोकलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, परंतु आतील तारांमध्ये पोकळी राहते.

लगाचा सपाट भाग बसबारला थेट टेकला पाहिजे. दोहोंमध्ये वायसर घालू नये. वायसर व स्प्रिंग वायसर नटाच्या बाजूस घालावे. नट उत्पादकाने दिलेल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे नट हलल्यास ते नजरेस येते. मागांच्या सततच्या कंपनाने नट सैल होतात, आणि शेडमध्ये उडणारी कापसाची व धाग्यांची तूस तापलेल्या जोडावर बसते. तेव्हा ठरावीक काळाने पॅनेल साफ करून पाहावे. आवरण काळवंडलेले, फुगलेले किंवा कडक झालेले दिसल्यास केवळ नट आवळून भागत नाही. टोक कापून नवा लग बसवावा. पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच सतत तापमान सोसते.

बंधूंनो, आपण केलेला जोड पेटीत झाकला जातो आणि पुढे अनेक वर्षे कोणी पाहत नाही. मालक घाई करील, कमी खर्चाचा लग पुढे करील. अशा वेळी नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. त्या शेडमध्ये रात्रपाळीला उभा राहणारा कामगार आपल्याच गावचा, कदाचित आपल्याच घरचा असेल.