शेरू, करंजीचं तेल आणि कापूर

कारध्याहून बोलतोय. मागे घरघर ऐकू येत असेल तर ते पुलावरचे ट्रक आहेत, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. आज ओसरीवर बसून रेकॉर्ड करतोय, कारण शेरूला आत कोंडलं की तो भुंकून घर डोक्यावर घेतो. शेरू म्हणजे आमचा गावठी कुत्रा, 14 किलोचा, एक कान उभा आणि एक पडलेला. आजचा भाग त्याचाच.

मागच्या भागानंतर तुमच्यापैकी काहींनी एकाच प्रकारची लिंक पाठवली. कुत्र्या-मांजरांसाठी चायनीज हर्बल ड्रॉप्स. खाज जाते, पोट साफ राहतं, शंभर टक्के नैसर्गिक. घेऊ का? उत्तर देतो, पण आधी माझी चूक ऐका.

गेल्या पावसाळ्यात शेरूला खाज सुटली. आधी कानाच्या कडा, मग कोपरं, मग पोट. केस गेले, कातडीवर खपल्या आल्या. रात्रभर पाय आपटून खाजवायचा, कोणाला झोप नाही. शेजारचे म्हणाले, गॅरेजमधलं काळं ऑईल लाव. ते मी लावलं नाही, तेवढी अक्कल होती. पण आजीने करंजीचं तेल काढलं. आमच्याकडे बैलाला गोचीड झाले, जखम झाली की तेच लागतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना हळद आणि तूप असतंच, म्हणजे जनावराला झाडपाला लावणं हे आमच्यासाठी काही नवीन नाही. मी जरा कुरकुर केली तर आजी म्हणाली, "बैलाले चालते तं कुत्र्याले काहून नाही चालत गा?"

मला उत्तर सुचलं नाही. उलट मी शहाणपणा केला. मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की कापराने खाज थांबते. देवघरातल्या डबीतल्या मूठभर वड्या कुटून तेलात टाकल्या आणि शेरूला कानापासून शेपटीपर्यंत चोपडलं.

बैल स्वतःचा खांदा चाटत बसत नाही. कुत्रा अख्खं अंग चाटतो. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी ती ना माझ्या डोक्यात आली, ना आजीच्या. तासाभरात शेरू ओकला, लाळ गाळायला लागला, मागचे पाय थरथरले आणि मग झटका आला. कापूर पोटातून झपाट्याने रक्तात जातो, कातडीतूनही जातो, आणि मेंदूवर चढला की झटके येतात. लहान मुलांनाही तसंच होतं, म्हणून डबी वर ठेवा. आम्ही त्याला पोत्यात गुंडाळलं आणि बाईकवरून नदीपलीकडे भंडाऱ्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. पूल एवढा लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सौम्य साबणाने तेल धुवून काढलं, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवायला सांगितलं. मला काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दोन दिवसांनी परत गेलो तेव्हा त्यांनी शेरूच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. लगेच त्याचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला. मग मला विचारलं, "तुला कुठे खाजतंय का?" माझ्या मनगटावर लाल पुरळ होतं, मी ते डासांचं समजत होतो. खरूज. कातडीत बीळ करून राहणारा किडा, कुत्र्याकडून माणसाला तात्पुरता त्रास देतो. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरी तो दर वेळी सापडत नाही, म्हणून कानाची ती खूण. दुसऱ्या एका किड्याची खरूज असते, ती दिसते साधारण तशीच, पण माणसाला लागत नाही. बुरशी झाली तर औषध तिसरंच. आम्ही हे काहीच न बघता तेल ओतलं होतं.

वजन करून गोळी दिली. गल्लीतला त्याचा दोस्त काळ्या, त्यालाही दिली, नाहीतर परत लागण. पोती गरम पाण्यात उकळून घेतली. आणि एक सांगतो, दुकानातून गाई-बैलांचं आयव्हरमेक्टिन आणून अंदाजाने टोचू नका. कोलीसारख्या काही जातींना ते थेट मेंदूला बाधतं.

आता तुमची लिंक. चीनमध्ये जनावरांची वनौषधी खरंच जुनी आहे. 1608 साली यू आडनावाच्या दोन भावांनी घोड्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात बैल आणि उंटही येतात. आपल्याकडे शालिहोत्र घोड्यांचा, पालकाप्य हत्तींचा. बघा, सगळी कामाची किंवा लढाईची जनावरं. सोफ्यावर झोपणारं मांजर त्यांच्यापुढे नव्हतंच. आणि मांजराचं यकृत वेगळं असतं, माणसाला चालणारी कित्येक औषधं त्याला पचत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारू शकते.

वनस्पतीत काही नसतं असं मी म्हणत नाही. चिनी लोक जुलाबावर जी पिवळी मुळी देतात, तिच्यातलं बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही आहे. आमच्या जंगलातला कुडा, त्याची साल आजी अजून आवेवर देते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईच्या स्तनदाहावर लेप सांगतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, चुना 15. मला त्यात आवडतात ते ग्रॅम. कोणत्या जनावराला, कुठे, किती, सगळं लिहिलेलं. तुमच्या बाटलीवर हे असेल तर डॉक्टरला दाखवा, विचारा. नुसतं 'हर्बल' लिहिलं असेल तर आत काय आहे देव जाणे. बेल्जियममध्ये 1990च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी चुकून दुसरीच पडली, आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं गेली. ती मुळीही नैसर्गिकच होती.

पोटाचं थोडक्यात. मोठा कुत्रा एखाद्या दिवशी पातळ हगला, पण खेळतोय, पाणी पितोय, तर बिनमसाल्याचा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, बस. जंतासाठी लसूण देऊ नका, कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त कमी होतं. पिल्लू ओकतंय आणि रक्ताचे जुलाब होतायत, तर तो पार्वो असू शकतो. तिथे घरगुती उपाय करत एक रात्र काढली तरी उशीर होतो. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, पुढचे डोस चुकवू नका.

शेरूचे केस दीड महिन्यात आले. कानाची कड मात्र थोडी टक्कलच राहिली. आजीने करंजीची बाटली गोठ्यात नेऊन ठेवली, बैलांना अजून तेच लागतं. काल काळ्या खाजवताना दिसला तर तिने मला हाक मारली, "काटा आण गा, आधी वजन कर याचं."

तर तोच काटा आणायला निघालोय. पुढच्या रविवारी भेटू.