बाजारपेठ आणि आपली जबाबदारी

(सावनेर येथे नगरसेवक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



सावनेरच्या बाजारपेठेची सुधारणा कशी करता येईल, यासंबंधी काही विचार आपणासमोर मांडावयाचे आहेत. हा कापसाचा व संत्र्यांचा मुलूख. कोळशाच्या खाणी आणि खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र यांनी त्यात भर घातली. नागपूरहून निघालेला रस्ता येथेच फुटून एक फाटा बैतुलकडे व दुसरा छिंदवाड्याकडे जातो. अशा ठिकाणची पेठ आपोआप चालावी, असे कोणासही वाटेल. तथापि याच रस्त्यांनी नागपूर जवळ आणले आहे. छिंदवाड्याची छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली आणि तिच्या जागी रुंद लोहमार्ग आला. प्रवास सुलभ झाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु खेड्यातील गिऱ्हाइकाने नागपूरला न जाता सावनेरला का थांबावे, या प्रश्नाचे उत्तर आता आपणच दिले पाहिजे.

हा प्रश्न आपल्या आधी दुसऱ्या एका गावापुढे उभा राहिला होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे एके काळी बेळगावकडील मालाचे भरभराटीचे बंदर होते. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे मुरगाव बंदरापर्यंत पोचली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. गेलेला व्यापार परत आणणे नगरपरिषदेच्या हाती नसते. मात्र जे हाती होते ते काम वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ नंतरच्या वर्षांत नेटाने केले. ते काम कचऱ्याचे होते. कचरा घरोघरीच वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार झाला, सुक्या पालापाचोळ्याच्या जळाऊ विटा झाल्या आणि बारीक केलेले प्लास्टिक डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरले गेले. जेथून नाक धरून जावे लागे, त्या कचरा डेपोची जागा लोक मुद्दाम पाहावयास येऊ लागले.

सावनेरला समुद्र नाही. परंतु वेंगुर्ल्याचा धडा समुद्राचा नाहीच. तो कामाच्या क्रमाचा आहे. प्रथम रोज करावयाचे काम नीट लावावे, मग शोभेचे काम हाती घ्यावे. आपण बहुधा उलट करतो. प्रवेशद्वार उभारतो, रंगीत फरशी बसवितो, आणि वर्षभरात नाली तुंबून तेच पाणी फरशीवर येते.

म्हणून पहिले काम नाल्यांचे व कचऱ्याचे. बाजारातील बराचसा कचरा भाजीपाल्याचा असतो. तो दुकानापाशीच वेगळा ठेवला तर त्याचे उत्तम खत होते. नालीत लोटला तर तो कोलार नदीची वाट धरतो.

दुसरे काम चालण्याच्या वाटेचे. येथे फेरीवाल्यांना दोष देण्याची घाई होते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही पथविक्रेत्यास हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. भाजीवाल्यांच्या पाट्यांमुळेच पेठेत माणूस येतो, हे पक्क्या दुकानदारांनीही ध्यानी घ्यावे. त्यांच्या जागा आखून द्याव्यात आणि दुकानांनी आपली पायरी आपल्या हद्दीत ठेवावी. दोन्ही बाजूंनी थोडे सरकल्याशिवाय वाट मोकळी होणार नाही.

तिसरे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. आठवडी बाजारासाठी खेड्यातून निघालेली स्त्री, वाटेत अडचण होईल या भीतीने, सकाळपासून पाणी पीत नाही. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात तिने तहान मारून बाजार करावा आणि आजारी पडून घरी जावे, ही आपणा सर्वांस कमीपणा आणणारी गोष्ट आहे. स्त्रियांसाठी पाणी व दिवा असलेले स्वच्छतागृह, एक पाणपोई, कडुनिंबाची सावली आणि बसावयास ओटा, यांना फार मोठा निधी लागत नाही. रोज सकाळी ते धुतले जाते की नाही हे पाहणारा माणूस लागतो. यास्तव बांधकामाचा ठराव करतानाच देखभालीचा माणूस व त्याचा पगार ठरवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सफाई, दिवाबत्ती, नाल्या व स्वच्छतागृहे ही १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने सांगितलेली कर्तव्येच आहेत.

या गावाजवळ आणखी एक ठेवा आहे. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, सावनेर येथे देह ठेवला. मराठी नाटकावर प्रेम करणारा प्रवासी येथून जातो तेव्हा त्याला हे कळावे. पेठेत त्यांच्या नावाने वर्तमानपत्रे व पुस्तके असलेली एक सावलीची जागा केली, तर बसची वाट पाहणारा विद्यार्थीही तेथे टेकेल.

या कामात प्रत्येकाचा वाटा आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या स्त्रियांना विचारून त्यांच्या अडचणी नगरपरिषदेला लेखी कळवाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून दर महिन्यास पेठेची पाहणी करवून घ्यावी: किती दिवे बंद, कोणती नाली तुंबलेली, पाणपोईत पाणी आहे की नाही. ती यादी नगरपरिषदेच्या फलकावर लागावी आणि पुढील महिन्यात तिच्यातील किती बाबी दूर झाल्या, हेही तेथेच लिहावे. अधिकाऱ्यांनी या यादीचा राग मानू नये. ती त्यांच्या कामाला मदतच करील.

एका वर्षाने आपण पुन्हा एकत्र यावे आणि किती खर्च झाला याबरोबरच, बाजारास आलेल्या बाईला पाणी पिण्याची भीती वाटते काय, हेही विचारावे. तिचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पेठ सुधारू लागली असे समजावे.