पटावरचे पानिपत



ग्रंथालयाच्या शताब्दीत खेळावर व्याख्यान व्हावे, आणि तेही युद्धाच्या खेळावर, याचे काहींना नवल वाटेल. खेळ म्हणजे वाचनाच्या वेळेवर पडणारा दरोडा, आणि त्यातून तो संगणकावरचा असेल तर बोलायलाच नको, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु पट मांडून, नियम समजून घेऊन, तासन्‌तास विचार करून खेळले जाणारे युद्धाचे खेळ हे पुस्तकाचे वैरी नसून त्याचे धाकटे भावंड आहेत. हा छंद माणसाला काय देतो, आणि कोणत्या अटीवर देतो, एवढाच आजचा विषय.

त्याचा आरंभ उकव्यापासून करणे सोयीचे होईल. बालाघाटहून बैहरकडे जाताना पठारावर हे गाव लागते. पोटात मँगनीजची खाण, भोवती सातपुड्याचे रान, पुढे कान्ह्याचे अरण्य. हा सारा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५४ साली ते राज्य खालसा झाले. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती, आणि आजही ही खाण चालविणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. उकव्याची मराठीशी असलेली सोयरीक अशी जुनी आहे.

या वाघांच्या मुलखाला शोभेल असा एक खेळ मध्य भारतात फार पूर्वीपासून चालत आला आहे. तो म्हणजे वाघ-बकरी. जमिनीवर कोळशाने रेघा ओढल्या की पट तयार होतो. उकव्यात तर मँगनीजच्या काळ्या खड्यांचे वाघ आणि पांढऱ्या गारगोट्यांच्या बकऱ्या करता येतील. महाराष्ट्रातील काही लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या दगडी फरशीवर असे पट कोरलेले आढळतात. पहारा देणाऱ्याने किंवा मुक्काम पडलेल्या वाटसरूने ते कोरले असतील. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक हेमचंद्र दासगुप्त यांनी १९२० नंतरच्या दशकात मध्यप्रांतातील बैठ्या खेळांवर एक टिपण बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. दगडांचे थर वाचणाऱ्या विद्वानाला मातीवरच्या रेघाही वाचाव्याशा वाटल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वाघ-बकरीत दोन्ही बाजू समान नसतात. एका प्रचलित प्रकारात वाघ चार आणि बकऱ्या वीस. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला वाघ मारता येत नाही. तिने करायचे एवढेच, की सख्यांना बिलगून राहायचे, मोकळी घरे हळूहळू अडवायची आणि वाघाला हलायला जागा उरू द्यायची नाही. दुर्बळाने बलवानाशी त्याच्या पद्धतीने लढू नये, हे तत्त्व ज्या महाराष्ट्राने गनिमी काव्यात अनुभवले, त्याला हा खेळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाश्चात्य देशांत अलीकडे विषम बळाच्या लढायांवर जे पट निघतात, त्यांचे मर्म या रेघांत आधीच आहे.

बुद्धिबळाची परंपरा याहून भारदस्त. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या राजनीतीवरील ग्रंथात बुद्धिबळाचे नियम दिले. राजनीतीच्या ग्रंथात खेळाला जागा मिळाली, यातच पूर्वसूरींची दृष्टी दिसते. औरंगाबादचे हरिकृष्ण शर्मा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘क्रीडाकौशल्य’ रचून अनेक खेळांची नोंद करून ठेवली. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकून ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तेव्हा विदर्भातल्या घराघरांतून पट पुन्हा बाहेर निघाले असल्यास आश्चर्य नाही.

तरीही बुद्धिबळात युद्धाचे एक लक्षण नाही. तेथे सर्व काही डोळ्यांसमोर असते. शत्रूचा घोडा कोठे आहे हे दोघांनाही दिसते, हुकूम दिलेले प्यादे वाटेत चुकत नाही आणि हत्तीला चारा लागत नाही. खऱ्या रणांगणावरचा सेनापती मात्र अर्धा आंधळा असतो. ही उणीव प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांनी भरून काढली. वडिलांनी १८१२ च्या सुमारास सिद्ध केलेला खेळ मुलाने सुधारून १८२४ साली प्रशियाच्या सैन्याला दिला. चौकटींच्या जागी खरा नकाशा आला. दोन पक्षांच्या मध्ये एक पंच बसला. ज्याच्या तुकडीला जेवढे दिसेल तेवढेच पंचाने त्याला दाखवायचे, आणि चकमकीचा निकाल फाशांनी लावायचा. सरसेनापतीच्या कचेरीचे प्रमुख म्युफलिंग आरंभी फारसे उत्सुक नव्हते. पण डाव पाहता पाहता त्यांचे मत पालटले आणि त्यांनी हा खेळ साऱ्या सैन्यात नेला.

छावणीतला हा खेळ दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय पुष्कळ अंशी इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांना जाते. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. शिशाचे शिपाई, खेळण्यातल्या तोफा आणि जमिनीवर मांडलेली घरे यांचे नियम सांगून झाल्यावर वेल्स शेवटी युद्धाच्या विरुद्धच बोलतात. चटईवरच्या लढाईतही माणूस किती घोडचुका करतो हे ज्याने पाहिले, त्याने खऱ्या युद्धाची हाव धरू नये, असा त्यांचा आशय आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १९५४ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ हा पट विक्रीस आणला. १९५८ साली त्यांच्याच ‘गेटिसबर्ग’मुळे एक ऐतिहासिक लढाई जशीच्या तशी मेजावर आली. त्यानंतर षट्कोनी घरांचे नकाशे आणि पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनी सोंगट्या हीच या छंदाची ओळख झाली.

संगणकाने यात हिशेबनिसाचे काम पत्करले. १९९१ सालचे ‘सिव्हिलायझेशन’, १९९७ सालचे ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे खेळ पुष्कळ घरांतील मुलांना ठाऊक आहेत. त्यात शिपाई उभा करण्याआधी धान्य पिकवावे लागते, झाडे तोडावी लागतात, खाण खणावी लागते. २०१६ साली आलेल्या ‘हार्ट्‌स ऑफ आयर्न’च्या चौथ्या आवृत्तीत दुसऱ्या महायुद्धाचे जग आहे. तेल, रबर, ॲल्युमिनियम, पोलाद, टंगस्टन आणि क्रोमियम यांचा पुरवठा तुटला की कारखाना थांबतो आणि सेनापतीची सारी बुद्धी थिजते. त्या यादीत मँगनीज नाही. ते पोलादातच जमेस धरले आहे. उकव्याच्या माणसाला मात्र हे ठाऊक असते की मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही. ज्या दोन महायुद्धांचे डाव पडद्यावर रंगतात, त्यांच्या काळात भारताचे मँगनीज समुद्रापार जात होते, आणि ते ज्यांनी जमिनीतून काढले त्यांच्या नावाची सोंगटी कोणत्याही पटावर नाही. युद्ध रणांगणावर सुरू होत नाही. ते खाणीत, शेतात आणि रस्त्यावर सुरू होते. हा या छंदाचा पहिला धडा.

दुसरा धडा पानिपतावर मिळतो. मराठी माणसाने पानिपताचा पराभव फार काळ मनात वागविला आहे, आणि त्याचा दोष कधी भाऊसाहेबांच्या मानीपणावर, कधी कोणा सरदाराच्या फितुरीवर, तर कधी दैवावर टाकला आहे. आता असे समजावे की कोणी पानिपताचा पट मांडला, आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला भाऊसाहेबांची बाजू आली. ऑक्टोबर १७६० मध्ये त्याने कुंजपुरा घेतला. धान्य आणि पैसा हाती आला. डाव आपलाच असे त्याला वाटू लागते. तोच अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्यामध्ये येऊन बसतो. नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये समोरासमोर. प्रत्येक पाळीला धान्याची एक सोंगटी कमी होते. बरोबर बायकामुले आहेत, यात्रेकरू आहेत, बाजारबुणगे आहेत. त्यांनाही खायला घालायचे आहे. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले जातात आणि रसदेची उरलीसुरली वाट बुजते. घोडी मरू लागतात. थांबावे तर उपासमार, निघावे तर बरोबरच्या बिनलढाऊ माणसांना तलवारीच्या तोंडी देणे. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडते तेव्हा खेळणाऱ्यापुढे चांगली चाल उरलेलीच नसते. ती केव्हा संपली, हे शोधायला त्याला महिनाभर मागे जावे लागते.

असा डाव दोनचार वेळा हरलेला माणूस भाऊसाहेबांविषयी बोलताना आवाज खाली आणतो. त्यांच्या चुका त्याला दिसतात, पण त्या कोणत्या अंधारात झाल्या हेही दिसते. मग तो आपोआप पुस्तकांकडे वळतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ त्याला हवे असते. भाऊसाहेबांची बखर हवी असते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताची हकिगत हवी असते. यमुनेला उतार कोठे होता, बैल दिवसाला किती कोस चालतो, असले प्रश्न घेऊन येणारा वाचक ग्रंथपालाला क्वचितच भेटतो. पटाने दिलेले कुतूहल हे असे असते.

पानिपताशेजारी पालखेड मांडावे म्हणजे विजयाचाही अर्थ कळतो. १७२७ च्या अखेरीस पहिले बाजीराव जड तोफखान्याचे लोढणे न घेता निघाले, गुजरात-खानदेशाकडे निजामाचे लक्ष ओढत फिरले. निजामाने पुणे गाठले, तरी ते पुण्यासाठी धावत मागे आले नाहीत. त्यांनी औरंगाबादचा रोख धरला. मुलूख वाचविण्यासाठी निजामाला तोफा मागे ठेवून यावे लागले, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला पाण्यावाचून तो कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनापती मॉंटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. पालखेडला पाणी आणि पानिपतला धान्य. एकाच पिढीच्या अंतराने मराठ्यांनी हा धडा एकदा शिकविला आणि एकदा भोगला.

आता अट सांगितली पाहिजे. खेळात खोटेपणा शिरला की त्याचे शहाणपण संपते. मे १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर तिची रंगीत तालीम पटावर केली. तेथील प्रसंग फुचिदा यांनी युद्धानंतरच्या आपल्या पुस्तकात नोंदविला आहे. फाशांनुसार जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडले. संयुक्त आरमाराचे ‘चीफ ऑफ स्टाफ’ उगाकी यांनी ते तीनवर आणले, आणि बुडालेली ‘कागा’ पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये मिडवेच्या समुद्रात ‘कागा’सकट चार विमानवाहू नौका खरोखर बुडाल्या. फासा नावडता पडला म्हणून उचलून पुन्हा टाकणाऱ्या प्रत्येकाने हे आठवावे.

दुसरी अट अधिक कठीण आहे. पटावर मेलेली सोंगटी डबीत जाते आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी परत येते. खऱ्या शिपायाच्या घरी तार येत असे, आणि पुढचे सगळे आयुष्य त्या तारेखाली जात असे. ज्या खेळात केवळ वेगाने बटणे दाबून माणसे आडवी करायची असतात, तेथे ही जाणीव बोथट होण्याचा धोका आहे, आणि रात्री जागवून मुलांचा अभ्यास बुडविणारा छंद हा छंद राहत नाही. त्याला उपाय बंदीचा नाही, सोबतीचा आहे. वडीलधाऱ्याने मुलाशेजारी बसावे आणि डाव संपल्यावर एवढेच विचारावे, की हरलेल्या बाजूने काय करायला हवे होते, आणि या लढाईत ज्यांना हत्यार नव्हते त्यांचे काय झाले.

आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक पट हा त्याच्या कर्त्याचे मत असतो. २००९ सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते; २०२४ साली अमेरिकेत ‘विजयनगर’ नावाचा पट निघाला, त्यात दख्खनची राज्ये आहेत. हे आनंदाचे खरे, पण हे इतिहास दुसऱ्यांच्या खिडकीतून पाहिलेले आहेत. बखर वाचताना जसे बखरकाराचा धनी कोण हे विचारायचे, तसेच पट मांडताना त्याचा कर्ता काय विसरला हे विचारायला हवे. आणि ते विचारायचे तर शेजारी पुस्तक हवेच.

म्हणून शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाने एखाद्या खोलीत एक मोठे मेज ठेवले, त्यावर बुद्धिबळ, वाघ-बकरी आणि एखाद्या लढाईचा नकाशा मांडून ठेवला, आणि हाताच्या अंतरावर शेजवलकरांचे पुस्तक ठेवले, तर ते ग्रंथालयाच्या व्रताला सोडून होणार नाही. उकव्यासारख्या गावी, जेथे मोठे वाचनालय चटकन हाताशी नाही, तेथे तर रेघा ओढलेली जमीनही पुरते. कमी असते ते डाव संपल्यावर उघडायचे पुस्तक. ते तिथवर पोहोचविणे हे दुसऱ्या शतकाचे काम ठरावे. जिंकण्याची ईर्षा मुलांना कोणीही शिकवील. हरलेल्याच्या जागी बसून, त्याच्याजवळ होते तेवढेच धान्य आणि तेवढाच उजेड घेऊन विचार करणे, हे पट आणि पुस्तक मिळूनच शिकवू शकतात.