नुसत्या खांदेपालटाने भागणार नाही

वृत्तपत्राचे पान कसे दिसावे हे ठरवणाऱ्यांची स्वतःची संस्था अमेरिकेत १९७९ मध्ये उभी राहिली. आज ती 'सोसायटी फॉर न्यूज डिझाइन' म्हणून ओळखली जाते. सुरुवातीच्या नावात 'न्यूज'च्या जागी 'न्यूजपेपर' होते. स्पर्धा, कार्यशाळा, वार्षिक मेळावा आणि निवडक पानांचे जाडजूड वार्षिक ग्रंथ एवढ्या बळावर तिने जगभरच्या वृत्तपत्रांच्या रूपावर चार दशके छाप पाडली. पदाधिकारी वेळच्या वेळी बदलत राहूनही एखादी संस्था आपल्याच सभासदांपासून कशी दुरावते, हे तिच्या इतिहासात उघड दिसते. वृत्तव्यवसायातल्या सभेत हा इतिहास स्पष्टपणे मांडला गेला पाहिजे. त्यात गुळमुळीतपणाला जागा नाही.

ही संस्था जन्मली ती छपाईतल्या मोठ्या उलथापालथीच्या काळात. त्याआधी पान लावण्याचे काम दोघांत वाटलेले असे. मथळा केवढा आणि बातमी कुठे, हे उपसंपादक ठरवी. शिशाच्या ओळी चौकटीत बसवून आवळण्याचे काम जुळारी करी. चित्रकाराची आठवण नकाशा हवा असेल तेव्हाच व्हायची. १ जुलै १९७८च्या रात्री 'न्यूयॉर्क टाइम्स'चा शिशात जुळवलेला शेवटचा अंक तयार झाला. त्यानंतर तिथे फोटोटाइपसेटिंग आले. मजकूर कागदावर उमटू लागला, तो कापून, मागे मेण लावून तक्त्यावर हवा तिथे चिकटवता येऊ लागला. त्याच दैनिकात लुई सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ मध्ये आठ स्तंभांचे पान सहा स्तंभांवर आणले होते आणि पुढच्या दोन वर्षांत एकामागून एक निघालेल्या पुरवण्यांना रूप दिले होते. १५ सप्टेंबर १९८२ रोजी 'यूएसए टुडे' निघाला. जॉर्ज रॉरिक यांचा त्यातला रंगीत हवामान-नकाशा पाहून अनेक संपादकांनी आधी नाके मुरडली आणि पुढे आपापल्या दैनिकांत तसेच नकाशे छापले. १९८४ मध्ये मॅकिंटॉश, १९८५ मध्ये पेजमेकर, १९८७ मध्ये क्वार्कएक्सप्रेस अशी संगणकावर पान लावण्याची साधने येत गेली आणि पानरचनाकार हा वृत्तसंपादकाच्या शेजारी बसणारा माणूस झाला. ही मिळकत लहान नव्हती. आकडेवारी, नकाशा, छायाचित्राची चौकट या गोष्टीही पत्रकारितेतच मोडतात, हे वृत्तपत्रांना पटवून देण्याचे मोठे श्रेय या सोसायटीचे आहे आणि ते तिला निखळपणे दिले पाहिजे.

या भरभराटीला दुसरी बाजू होती. पानरचनाकाराच्या हाती आलेले काम जुळाऱ्याच्या हातून गेले होते. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांची 'बिग सिक्स' ही कामगार संघटना जुनी आणि चिवट. १९७४ मध्ये तिने वृत्तपत्रांशी ११ वर्षांचा करार केला: मालकांनी यंत्रे आणावीत, पण त्या वेळी कामावर असलेल्या जुळाऱ्यांच्या नोकऱ्या आयुष्यभर अबाधित राहतील. व्यवसाय बुडाला, तरी त्यातल्या माणसांना वाऱ्यावर सोडले गेले नाही. त्यांच्या जागी आलेल्या पिढीने व्यावसायिक संस्था काढली आणि स्वतःला कामगार म्हणवून घेणे टाळले. तिच्या सनदेत सौंदर्य होते, प्रशिक्षण होते, उत्तमतेचा ध्यास होता. नोकरी, पगार, कामाचे तास यांना तिथे स्थान नव्हते. पुढे जे घडले त्याचे मूळ या निवडीत आहे आणि त्याचा दोष कोणा एका अध्यक्षाच्या माथी मारता येत नाही.

सोसायटीचे खरे केंद्र म्हणजे तिची वार्षिक स्पर्धा. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात वर्षानुवर्षे ती भरत आली. लांबच लांब टेबलांवर छापील पाने मांडलेली असत, प्रत्येक प्रवेशिकेशेजारी कप ठेवलेले असत आणि पाच परीक्षक न बोलता पुढे सरकत आपापल्या रंगाची चकती 'होय' किंवा 'नाही'च्या कपात टाकत. परीक्षकाच्या स्वतःच्या दैनिकाचे पान समोर आले, की त्याच्याऐवजी दुसरा परीक्षक मत देई. इतकी काटेकोर पद्धत वाङ्मयीन पुरस्कारांच्या दुनियेतही क्वचित आढळेल. पण त्या टेबलावर पान येते ते एकटे. ते कोणी, कोणत्या शहरात बसून, किती वेळात, कोणत्या सेवाशर्तींवर केले, हे परीक्षकाला दिसत नाही आणि तसे विचारण्याची रीतही पडली नाही. शिवाय स्पर्धेला प्रवेश शुल्क असते आणि ते बहुधा वृत्तपत्र भरते. म्हणजे संस्थेची तिजोरी मालकाच्या खर्चवहीवर अवलंबून. ज्याच्या पैशावर मेळावा उभा राहतो, त्याला सभेत जाब विचारायला फार मोठे धैर्य लागते.

पदक आणि पानाचे भवितव्य यांचा एकमेकांशी किती कमी संबंध असतो, हे लंडनच्या 'गार्डियन'ने दाखवून दिले. १२ सप्टेंबर २००५ रोजी ते दैनिक मोठे पान आणि टॅब्लॉइड यांच्या मधल्या बर्लिनर आकारात निघाले. मार्क पोर्टर यांची रचना, पॉल बार्न्स आणि ख्रिश्चन श्वार्ट्झ यांनी घडवलेली अक्षरमाला आणि त्या खास आकारासाठी सुमारे ८ कोटी पौंड खर्चून उभारलेली छपाईयंत्रे. पुढच्याच वर्षी सोसायटीने जगातील सर्वोत्तम रचनेच्या वृत्तपत्रांत त्याची गणना केली, आणि ती योग्यच होती. १५ जानेवारी २०१८ रोजी तेच दैनिक टॅब्लॉइड झाले. स्वतःची यंत्रे सोडून छपाई बाहेर दिली, की पैसे वाचत होते. बर्लिनर पानात कसलाही दोष निघाला नव्हता. पानाचा आकार जमाखर्चाने ठरवला. ज्या संस्थेला पानाच्या रूपाबद्दल बोलायचे आहे, तिला जमाखर्चाबद्दल बोलावेच लागते.

या पार्श्वभूमीवर सोसायटीच्या नेतृत्वाची घडण पाहावी. अध्यक्षपद एका वर्षाचे. माणूस आधी खालच्या पदावर येतो, मग उपाध्यक्ष होतो, मग अध्यक्ष, आणि नंतर माजी अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीत राहतो. सगळे आपापली नोकरी सांभाळून हे काम करतात. या पद्धतीचा फायदा असा, की खुर्चीला चिकटून बसणारा कोणी निपजत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक साहित्य संस्थांनी आणि वाचनालयांनी तेवढे तरी घेण्यासारखे आहे. तोटा मात्र खोलवरचा आहे. शिडी चढताना प्रत्येकाला आधीच्यांची मर्जी राखावी लागते, म्हणून वर पोहोचणारा माणूस बहुतेक वेळा आधीच्यांसारखाच असतो. एका वर्षात त्याला मेळावा पार पाडायचा, स्पर्धा उरकायची आणि प्रायोजक मिळवायचा. घटना बदलायला, शुल्काची रचना मोडायला, मालकांशी वाद घालायला तीन-चार वर्षांची सलग ताकद लागते आणि ती कोणाच्याच हाती नसते. नावे बदलतात, छायाचित्रे बदलतात, कार्यक्रमपत्रिका तीच राहते. याला नूतनीकरण म्हणणे सभासदांची फसवणूक आहे.

ही फसवणूक महाग पडली ती २०१० नंतर. त्या वर्षी गॅनेट कंपनीने आपल्या दैनिकांची पाने अॅसबरी पार्क, डि मॉइन, लुइव्हिल, नॅशव्हिल आणि फीनिक्स या पाच ठिकाणी एकत्र लावण्याचे जाहीर केले. गेटहाउस कंपनीने टेक्सासमधल्या ऑस्टिनला तसेच केंद्र थाटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये या दोन कंपन्या एक झाल्या आणि अडीचशेहून अधिक दैनिके एका छत्राखाली आली. केंद्रातला रचनाकार एका पाळीत अनेक गावांची पाने सोडतो. आगीची बातमी ज्या रस्त्यावरची, तो रस्ता त्याने पाहिलेला नसतो. नगराध्यक्षांच्या नावाचे स्पेलिंग चुकले, तर शेजारच्या टेबलावरून ओरडून सांगणारा कोणी नसतो. साचा आधीच ठरलेला असतो. मजकूर साच्यात बसेल एवढा कापायचा आणि पुढचे पान उघडायचे. प्यू संशोधन केंद्राच्या आकडेवारीनुसार अमेरिकी वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत २००८ मध्ये सुमारे ७१ हजार माणसे होती. २०२० मध्ये ती सुमारे ३१ हजार उरली. पाने लावणारी आणि मजकूर तपासणारी मंडळी या कपातीत आधी गेली, कारण त्यांचे नाव बातमीखाली नसते आणि त्यांची अनुपस्थिती वाचकाला पहिल्या दिवशी जाणवत नाही. अशा काळात उत्तम पानांना पदके वाटत राहणे पुरेसे नव्हते. कोणत्या कंपनीने किती रचनाकार कमी केले याची नोंद ठेवणे, ती दरवर्षी प्रसिद्ध करणे, साच्यातल्या पानांमुळे वाढलेल्या चुका दाखवून देणे हे सोसायटीचे पहिले कर्तव्य होते. रचनाकारांच्या संस्थेने ते करायचे नाही, तर कोणी करायचे?

शेजारच्या दोन संस्थांची गती या संदर्भात बोलकी आहे. अमेरिकी संपादकांची संघटना १९२२ची. वृत्तकक्षातला अल्पसंख्याकांचा वाटा लोकसंख्येइतका करण्याचे उद्दिष्ट तिने १९७८ मध्ये ठरवले, त्यासाठी २००० सालची मुदत घातली आणि ती गाठता येईना तेव्हा २०२५ पर्यंत पुढे ढकलली. २०१९ मध्ये ती असोसिएटेड प्रेसशी संलग्न संपादकांच्या संघटनेशी एकत्र झाली आणि 'न्यूज लीडर्स असोसिएशन' तयार झाली. नाव नवे, कार्यकारिणी नवी. २०२४ मध्ये ती संस्थाच विसर्जित झाली. याउलट प्रतसंपादकांची १९९७ साली निघालेली 'एसेस' ही संघटना. वृत्तपत्रांतली प्रतसंपादनाची टेबले रिकामी होत असताना तिने ग्रंथ, कंपन्या, विद्यापीठे, स्वतंत्र काम करणारे अशा सर्व ठिकाणच्या संपादकांना दार उघडले आणि स्वतःला संपादनाची संस्था म्हणवून घेतले. जगण्याचा मार्ग तिला सापडला तो सभासद कोणाला म्हणायचे याचा फेरविचार केल्यामुळे. अध्यक्षांच्या यादीत याचे कारण शोधू नये.

रचनेच्या क्षेत्रात तसा फेरविचार झाला तो कडेकडेने. माहितीचित्रांसाठीचे मालोफिएज पुरस्कार १९९३ पासून सोसायटीच्या स्पॅनिश शाखेने पाम्प्लोना इथल्या नव्हारा विद्यापीठात सुरू केले, ते अलेहान्द्रो मालोफिएज या अर्जेंटिनाच्या नकाशाकाराच्या स्मरणार्थ. जगभरचे माहितीचित्रकार तिथे जमू लागले. डिसेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या 'स्नो फॉल' या हिमस्खलनाच्या वृत्तांताने मजकूर, चित्रफीत आणि सरकते नकाशे एकत्र विणून दाखवले. त्यात रेखाटन करणाऱ्यांच्या जोडीला प्रोग्रॅम लिहिणारे होते. ही माणसे पान लावत नव्हती, पण वृत्तरचना करत होती. सोसायटीने डिजिटल स्पर्धा काढून त्यांना बक्षिसे दिली. बक्षीस देणे आणि कारभारात बरोबरीची जागा देणे यांतले अंतर मात्र फार मोठे आहे.

भारतात, आणि म्हणून मराठी वृत्तपत्रांत, प्रश्न याहून एक पायरी मागे आहे. श्रमिक पत्रकारांच्या १९५५च्या कायद्याने पत्रकार कोण हे सांगताना संपादक, अग्रलेखक, उपसंपादक, वार्ताहर यांच्याबरोबर व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार आणि मुद्रितशोधक यांचीही नावे घेतली. त्या यादीत पानाची रचना करणारा नाही. १९५५ साली तो नव्हताच, हे समजण्यासारखे आहे. पण २०२०च्या कामगार संहितेत ती यादी जवळपास तशीच उतरली, याचे समर्थन होऊ शकत नाही. शिरोरेषेवरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून दोन ओळींच्या मथळ्यात अंतर किती ठेवायचे, जोडाक्षर फुटले तर पान थांबवायचे की नाही, पाच स्तंभांच्या छायाचित्रात मृताचा चेहरा कुठवर दाखवायचा, हे निर्णय रात्री बाराच्या सुमाराला जो घेतो तो अनेक कार्यालयांत 'ऑपरेटर' म्हणून हजेरीपटावर असतो. देवनागरीच्या मुद्राक्षरांसाठी र. कृ. जोशी यांच्यासारख्या माणसाने आयुष्य वेचले आणि संगणकावरचा 'मंगल' टंक घडवला. ते अक्षर रोज पानावर बसवणाऱ्याला मात्र कायद्यात नाव नाही.

नूतनीकरणाचा अर्थ यातून ठरतो. अध्यक्षाची मुदत किमान तीन वर्षांची हवी आणि त्यानंतर पुन्हा उभे राहण्यास मनाई हवी. कार्यकारिणीत निम्म्या जागा अशांना हव्यात, ज्यांच्या हाताखाली कोणी नाही: केंद्रात पाळी करणारे, कंत्राटावरचे, स्वतंत्र काम करणारे. नोकरी गेलेल्या सभासदाची वर्गणी दोन वर्षे माफ हवी, आणि मताधिकार शाबूत हवा. संस्थेच्या उत्पन्नात प्रवेश शुल्काचा वाटा दरवर्षी उतरता ठेवला पाहिजे, त्यासाठी मेळावा लहान करावा लागला तरी चालेल. स्पर्धेच्या प्रवेशिकेवर पान कोठे लागले, किती जणांनी लावले आणि त्या दैनिकाने वर्षभरात किती रचनाकार कमी केले, हे लिहिणे सक्तीचे करावे आणि तो कागद परीक्षकाच्या हाती पानासोबतच द्यावा. ज्या दैनिकाला हे लिहायचे नसेल, त्याची प्रवेशिका शुल्कासह परत पाठवावी. मराठीत अशी संस्था उभी करायची असेल, तर तिच्या घटनेचे पहिले कलम कायद्यातल्या त्या यादीत पानरचनाकाराचे नाव घालून घेण्याचे असावे, आणि पदाधिकाऱ्यांची निवडणूक त्या कलमावर काय काम झाले याचा अहवाल सभेत वाचल्यानंतरच घ्यावी.