समितीतील अकरा खुर्च्या
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात स्मरण होते ते शिक्षकांचे, वर्गमित्रांचे आणि मधल्या सुट्टीच्या घंटेचे. शाळा चालवते कोण, हा प्रश्न अशा वेळी सहसा कोणी विचारत नाही. छप्पर गळू लागले तर पैसे कुठून येतात, शिक्षकाची बदली झाली तर दुसरा कोण पाठवतो, पट घटला तर दाराला कुलूप लावायचे की नाही हे कोण ठरवते, या गोष्टी विद्यार्थ्याच्या कानावर येत नाहीत आणि पालकाच्याही क्वचितच येतात. शाळेचे आयुष्य मात्र त्यांवरच अवलंबून असते. स्वतःच्या घराची रचना सवयीची झाल्यामुळे दिसत नाही. शेजाऱ्याचे घर पाहून आले की ती डोळ्यांत भरते. म्हणून आजच्या विवेचनासाठी उदाहरण घेतले आहे ते दूरचे: दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबाद जिल्ह्यातील सरकारी प्राथमिक शाळांचे.

गाझियाबाद ही पूर्वी मेरठ जिल्ह्यातील एक तहसील होती. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे १९९७ मध्ये गौतम बुद्ध नगर आणि २०११ मध्ये हापूर हे जिल्हे वेगळे निघाले. आज जिल्ह्यात रजापूर, मुरादनगर, भोजपूर आणि लोनी असे चार विकासखंड आहेत आणि त्यांच्या मध्यभागी पसरलेले महानगर आहे. बाहेरून येणाऱ्याला दिसतात त्या उंच इमारती आणि खासगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या. त्या इमारती बांधणाऱ्या गवंड्यांची, तेथे पहारा देणाऱ्या रखवालदारांची आणि घरकाम करणाऱ्या बायकांची मुले बहुतांशी ज्या शाळांत जातात, त्या शाळा बसगाडीतून दिसत नाहीत. उत्तर प्रदेशात त्यांना ‘परिषदीय विद्यालय’ म्हणतात. गाझियाबाद जिल्ह्यात अशा शाळा चारशेहून अधिक आहेत.

‘परिषदीय’ या शब्दाने मराठी माणसाची फसगत होते. त्याला वाटते, ही जिल्हा परिषदेची शाळा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. महाराष्ट्रात १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेच्या हाती गेल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी उत्तर प्रदेशाने विरुद्ध दिशा धरली. खेड्यांत जिल्हा परिषदा आणि शहरांत नगरपालिका शाळा चालवीत असत. त्यांचा कारभार समाधानकारक नाही आणि तो दिवसेंदिवस ढासळत आहे, असे कारण देऊन १९७२ च्या बेसिक शिक्षा अधिनियमाने त्या शाळा राज्यस्तरीय बेसिक शिक्षा परिषदेच्या स्वाधीन केल्या. अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला, मुख्यालय असलेल्या या परिषदेवरूनच ‘परिषदीय’ हे विशेषण आले.

दोन्ही निर्णयांमागे तर्क आहे. लोकनियुक्त संस्था शाळेच्या जवळ असते, पण गावच्या राजकारणात सापडते. राज्यस्तरीय मंडळ राजकारणापासून थोडे अलिप्त राहू शकते, पण शाळेपासूनही तितकेच लांब जाते. हा वाद नवा नव्हे. नामदार गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा अशीच त्यातील योजना होती. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी आणि १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेच काम राजाज्ञेने करून दाखवले. तेव्हापासून शाळा वरून आणावी की खालून उभी राहावी, हा प्रश्न प्रत्येक कायद्यात नव्याने उभा राहिला आहे.

गाझियाबादमधील शिडी आता पायरी-पायरीने पाहू. जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा बेसिक शिक्षा अधिकारी असतो. परिषदीय शिक्षकांचा नियुक्ती अधिकारी तोच. त्याखाली प्रत्येक विकासखंडात खंड शिक्षा अधिकारी, म्हणजे महाराष्ट्रातील गटशिक्षणाधिकारी. त्याखाली शाळांचे संकुल. महाराष्ट्रातील केंद्रशाळेचे हे भावंड. दोहोंचे मूळ १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने सुचवलेल्या शाळासंकुलाच्या कल्पनेत आहे आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. संकुलाखाली शाळा येते.

शिक्षकांच्या नेमणुकीचे नियम १९८१ चे आहेत. त्यांत ग्रामीण आणि नागरी असे दोन वेगळे संवर्ग आहेत. नागरी शाळेतील रिकामी जागा ग्रामीण संवर्गातील शिक्षकाने सहज भरता येत नाही. ज्या जिल्ह्यात शहर वर्षागणिक शेतांवर चालून जाते, तेथे ही कागदावरची रेषा मुलांच्या वर्गातून जाते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक आणि ९० पर्यंत तीन. १५० च्या वर पट गेल्यावरच स्वतंत्र मुख्याध्यापक. त्यामुळे लहान शाळेत शिकवणारी बाईच प्रभारी प्रमुख असते. हजेरी, पोषण आहाराची नोंद, बँकेचे खाते, ऑनलाइन माहिती हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात ती दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून शिकवते.

पैशाचा मार्गही पाहण्यासारखा आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वार्षिक एकत्रित अनुदान मिळते. योजनेच्या दराप्रमाणे १०० पर्यंत पटाला २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० आणि १,००० पर्यंत ७५,०००. अगदी छोट्या शाळांना याहूनही कमी. पंचवीस हजारांना बाराने भागले तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास रक्कम येते. खडू, झाडू, नळाची दुरुस्ती आणि शौचालयाची स्वच्छता त्यातच. भिंती, फरशी, पाणी यांसाठी गावात ग्रामपंचायतीच्या आणि शहरात महानगरपालिकेच्या निधीकडे पाहावे लागते. गणवेशाचे कापड एके काळी शाळेची समिती ठरवीत असे. २०२१ पासून गणवेश, स्वेटर, बूट आणि दप्तरासाठीची रक्कम थेट पालकाच्या बँक खात्यात जमा होते; ती आता १,२०० रुपये आहे. मधली गळती थांबावी हा हेतू योग्यच. मात्र समितीने एकत्र बसून ठरवायचा एक विषय त्यामुळे कमी झाला, हेही खरे.

आता त्या समितीकडे वळू, कारण या विवेचनाचा गाभा तोच आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. उत्तर प्रदेशाच्या नियमांनुसार समिती पंधरा जणांची असते. त्यांतील अकरा पालक. उरलेल्या चार जागांवर स्थानिक संस्थेचा सदस्य, आरोग्यसेविका, लेखपाल म्हणजे तलाठी, आणि सदस्य-सचिव म्हणून मुख्याध्यापक. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा. शाळेच्या खात्यातून पैसे काढायला त्याची सही लागते. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा.

कायद्याच्या भाषेत पाहिले, तर प्रयागराजपासून शाळेपर्यंतच्या शिडीवर पालकांचे बहुमत असलेली ही एकच पायरी आहे. आणि प्रत्यक्षात सर्वांत रिकामी राहणारी पायरीही हीच असते. कारण समजण्यासारखे आहे. बैठक शाळेच्या वेळेत होते. रोजंदारीवरच्या बापाला त्यासाठी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. वीटभट्टीवरचे कुटुंब हंगाम संपला की गावी परतते आणि दोन वर्षांच्या मुदतीची समिती अर्ध्यावर विरते. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिला इतिवृत्ताच्या वहीत अंगठा कुठे उमटवायचा एवढेच सांगितले जाते. त्या वहीत काय लिहिले आहे ते वाचून दाखवले जात नाही. असे झाले की अकरा खुर्च्या कागदावर भरलेल्या असतात आणि वर्गात मोकळ्या.

त्या मोकळ्या राहिल्याने काय बिघडते? दोन प्रसंग पुरेसे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली परिसरातील हवा अतिगंभीर पातळीला गेली आणि गाझियाबादसह साऱ्या पट्ट्यातील शाळांचे प्रत्यक्ष वर्ग बंद झाले. मुलांच्या फुप्फुसांसाठी घेतलेला हा निर्णय होता. परंतु शाळा बंद म्हणजे शिजवलेले जेवण बंद. घरात हवा शुद्ध करणारे यंत्र नाही आणि ऑनलाइन वर्गासाठी मोबाईलही नाही, अशा मुलाला घरी बसवून काय साधते, ही बाब त्याच महिन्याच्या २५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने लक्षात घेतली आणि निर्बंध शिथिल करण्याचा विचार करण्यास संबंधित आयोगाला सांगितले. लोनीतील एखाद्या आईला हे सांगण्यासाठी न्यायालयाची गरज नव्हती. तिचे म्हणणे वर पोहोचवणारी वाट मात्र हवी होती.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने कमी पटाच्या परिषदीय शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश काढला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. एकल पीठाने जुलैच्या आरंभी याचिका फेटाळल्या. त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरता ‘जैसे थे’चा आदेश दिला. महाराष्ट्रालाही हे अपरिचित नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. शासनाची बाजू पोकळ नाही. सात मुले आणि एक शिक्षक यांच्या शाळेत ना खेळ रंगतो, ना ग्रंथालय उभे राहते. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे दोन्ही राज्यांचे नियम सांगतात, त्यालाही अर्थ आहे. तो एक किलोमीटर नकाशावर सरळ रेषेसारखा दिसतो. मूल चालते ते नाल्याच्या कडेने, रेल्वेचे फाटक ओलांडून, मालमोटारींच्या रस्त्यावरून. सहा वर्षांची मुलगी त्या वाटेने जाईल की घरीच धाकट्या भावाला सांभाळत बसेल, हे पटाच्या तक्त्यात दिसत नाही. ते पालकाला ठाऊक असते. ज्या शाळेची समिती जागी असते, तिच्या वहीत ही वाट ठरावाच्या रूपाने नोंदलेली असते आणि अधिकाऱ्याला त्या ठरावाची दखल घेणे भाग पडते. जिथे वही कोरी, तिथे वरचा कागद बोलतो.

एक शंका उरते. सुस्थितीतील पालकांनी सरकारी शाळा सोडली, तर मागे राहिलेल्या पालकांनीच सारे ओझे का वाहावे? १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने या दुखण्यावर बोट ठेवले होते. शासनाच्या तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले परिषदीय शाळांत घालावीत, अशी व्यवस्था करण्याचे निर्देश त्या निकालात होते. ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांची मुले त्या वर्गात बसत नाहीत, हा त्यामागचा विचार. कोठारी आयोगाच्या शेजारशाळेच्या कल्पनेचेही सार तेच. त्या दिशेने समाज पुढे सरकलेला नाही. म्हणून तर ज्यांची मुले तेथे बसतात त्यांचा शब्द अधिक मोलाचा ठरतो.

श्रोतेहो, गाझियाबादची ही शिडी नावे बदलून महाराष्ट्रातही तशीच उभी आहे. जिल्हा परिषदेची शाळा असो, महापालिकेची असो वा अनुदानित संस्थेची, शाळा व्यवस्थापन समिती तेथेही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांत तिचे काम सल्ल्यापुरते ठेवले; पण भरल्या बैठकीतून, लेखी आणि एकमुखाने दिलेला सल्ला सहसा बाजूला सारता येत नाही. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घटत असताना हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या प्रत्येक शाळेने तीन साध्या गोष्टी पालकांना सांगाव्यात: समितीत कोण पालक आहेत, पुढची बैठक कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी आहे, आणि गेल्या बैठकीत काय ठरले. बैठक संध्याकाळी घेतली तर कामावरून परतणारे आईवडील येतील. इतिवृत्त मोठ्याने वाचले तर निरक्षर आजीही मत देईल. माजी विद्यार्थ्यांना समितीत मत नसले, तरी बैठकीपुरते मुलांना सांभाळणे, अर्ज लिहून देणे, शाळेच्या वाटेचा नकाशा काढणे त्यांना जमण्यासारखे आहे.

शाळेने साठ वर्षे पूर्ण केली, यात असंख्य नकळत झालेल्या बैठकांचा वाटा आहे. कोणीतरी आपले काम टाकून त्या दिवशी तेथे येऊन बसले होते. पुढच्या महिन्याच्या बैठकीची सूचना शाळेच्या फलकावर लागेल, तेव्हा ती वाचायला कोणी थांबते का, यावर पुढच्या वर्षांचा हिशेब ठरणार आहे.