पहिल्या दोन आठवड्यांना हात लावू नये

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर त्याची पहिली वसाहत म्हणून उभ्या राहिलेल्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आणि पुढे डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात, कोणत्या मशीनवर कोणता जॉब केव्हा चढवायचा हे सुपरवायझरच्या वहीत असे. आता अनेक ठिकाणी ते संगणकात गेले आहे. परंतु त्या संगणकातील एक साधी सोय न वापरता पडून राहते आणि येथे आग्रह आहे तो तिच्याविषयीच. कोणता तयार माल, किती नग, कोणत्या आठवड्यात बाहेर पडेल हे ठरवणाऱ्या तक्त्याला मुख्य उत्पादन वेळापत्रक म्हणतात. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ च्या ग्रंथात मांडलेली सामग्री-गरज नियोजनाची पद्धत याच तक्त्यावरून मागे मोजत जाते आणि कास्टिंग केव्हा मागवायचे, टर्निंग केव्हा सुरू करायचे, हे काढते. या तक्त्यातील जवळचे आठवडे गोठवून ठेवता येतात. या मर्यादेला गोठणरेषा म्हणता येईल: रेषेच्या अलीकडचे बदलायचे नाही, पलीकडचे खुशाल बदलावे.

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंना ही रेषा कोणी शिकवावी लागत नाही. संध्याकाळच्या लोकलने परतणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी किती कणीक मळायची हे त्या दुपारीच ठरवतात, कारण एका तव्यावरून तासाभरात ठरावीकच पोळ्या उतरतात. कणीक मळून झाल्यावर कोणी फोनवरून पुरणपोळ्या मागितल्या, तर ती मागणी उद्याच्या यादीत जाते, हातातले काम टाकून पुरण शिजत घातले जात नाही. सांगून ठेवलेल्या पोळ्या वजा जाता उरलेली कणीक हीच नव्या गिऱ्हाइकाला शब्द देण्याची मर्यादा असते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो: शिल्लक ४० नग, आठवड्याचे उत्पादन १०० आणि घेतलेल्या ऑर्डरी ११५ असतील, तर विक्री विभागाला आणखी २५ नगांचाच शब्द देता येतो. तो रकाना न पाहता ऑर्डर कबूल करणे म्हणजे परातीत न डोकावता पोळ्या कबूल करणे होय.

ही रेषा पाळण्याचा आग्रह पुन्हा धरणे आवश्यक आहे, कारण गोठवलेले पहिले दोन आठवडे मोडले जातात ते बहुधा मोठ्या गिऱ्हाइकाच्या एका फोनमुळे, आणि मोडणाऱ्याला त्याची किंमत दिसत नाही. वरच्या तक्त्यात एक ऑर्डर तीन दिवस अलीकडे ओढली की खालच्या प्रत्येक सुट्या भागाची तारीख हलते, खरेदी विभागाच्या पडद्यावर लवकर आणा, पुढे ढकला, रद्द करा अशा सूचनांची रांग लागते आणि काही दिवसांत त्या सूचना कोणी वाचेनासे होते. नियोजनशास्त्रात यास प्रणालीची अस्वस्थता म्हणतात. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात फिकट छटेकडून गडद छटेकडे जाणारा क्रम असा मोडला, तर यंत्र धुण्यातच पाणी, वाफ आणि पाळीचे तास खर्ची पडतात. एवढे पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्याच्या शेजारी एक्सेलमध्ये तातडीच्या ऑर्डरींची खासगी यादी चालवावी, हे कोणत्याही कारखान्याला शोभत नाही.

दोन आठवडे ही सर्वत्र लागू पडणारी संख्या नव्हे. कच्चा माल कापायला घेतल्यापासून माल पॅक होईपर्यंत जितका काळ जातो, निदान तेवढी रेषा असावी. हा काळ मोजताना आणखी एक गोष्ट तपासावी. डोंबिवलीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. सॉफ्टवेअरच्या दिनदर्शिकेत मात्र मूळची रविवारची सुट्टी तशीच राहिली, तर बंद कारखान्यात दर शुक्रवारी कागदोपत्री उत्पादन होत राहते आणि गोठवलेले आठवडेही खोटे ठरतात.

तूर्त दिनदर्शिका दुरुस्त करून रेषा आखावी, आणि ती ओलांडण्याची परवानगी देण्याचा अधिकार नियोजन पाहणाऱ्या एकाच व्यक्तीकडे असावा, विक्री विभागाकडे नव्हे.